सुरमादाणीचे झाकण

१

डॉक्टर शहीराने सुरमादाणीचे झाकण उचलले, आत पाहिले, आणि झाकण तसेच हातात धरून ती उभी राहिली. मी शेजारीच होतो. माझे तिथे काही काम नव्हते. आमच्या संग्रहालयाच्या ग्रंथपालाला कुठेच फारसे काम नसे, म्हणून कोणी बोलावले की मी जाऊन उभा राहत असे.

"हिच्यात सुरमा होता ना?" तिने विचारले.

होता. निम्मी सुरमादाणी भरून होता. नाईलच्या पश्चिम काठावरच्या आमच्या दोन दालनांच्या संग्रहालयात लोक जर कशापाशी थांबत असतील तर ते त्या सुरमादाणीपाशी. मुठीत मावेल एवढी, दुधी दगडाची, बुटकी, रुंद ओठांची. हजारो वर्षांपूर्वी कोणा बाईने ती शेवटची वापरली, आणि आत वाळून घट्ट झालेल्या सुरम्यात तिच्या सळईची खूण तशीच राहून गेली. एक तिरकी, बारीक खाच. दुरिय्या हानेम शाळेच्या मुलींना ती खाच दाखवायच्या. हातातल्या आरशाने उन्हाचा कवडसा आत सोडायच्या आणि म्हणायच्या, "बघा, घाईत होती. सळई कशी तिरकी खुपसलीये. संध्याकाळी नीट करीन म्हणाली असेल."

दुरिय्या हानेम म्हणजे आमच्या बाईसाहेब, संचालक हिल्मी बे यांच्या पत्नी. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्या दोघांनी मिळून ती सुरमादाणी टेकडीतल्या एका थडग्यातून काढली होती. झाकण तीन तुकड्यांत सापडले. ते त्यांनी स्वतः बसून जोडले. सांधे अजून दिसतात. त्या गेल्या तेव्हापासून आरसा दालनाच्या कोपऱ्यात पडून होता आणि मुली काचेबाहेरून बघून पुढे जात.

आता सुरमादाणी रिकामी होती. आतून पांढरीशुभ्र, कोणी घासून पुसून ठेवल्यासारखी.

डॉक्टर शहीरा कैरोहून आली होती. तिकडच्या नव्या मोठ्या संग्रहालयासाठी ती गावोगावचे उत्तम नग निवडत होती आणि आमच्याकडून हा एकच नेणार होती. मागच्या शरदात ती पाहणीला आली, तेव्हा चहा पिताना तिने सांगितलेही होते की नेल्यावर पहिले काम म्हणजे सुरमा खरवडून प्रयोगशाळेत द्यायचा. त्यात काय काय मिसळले होते ते कळेल. तेव्हा चहाला हिल्मी बे होते, उपसंचालक रिफअत होता, आणि मी.

हिल्मी बे खुर्चीत बसून होते. त्यांनी हळूच म्हटले की यात नवल नाही. आपल्याकडच्या बायका मूल व्हावे म्हणून काय काय करतात; जुन्या देवळांच्या भिंती खरवडून भुकटी नेतात. कोणी बिचारीने नेला असेल. सुरमादाणी तर जागेवर आहे, सोडून द्यावे.

रिफअत सोडून देणाऱ्यातला नव्हता. "अख्खा हिवाळा मी असवानला शिकायला काय गेलो, मागे इथे धर्मशाळा झाली," तो म्हणाला. "कपाटं पुसायला किल्ली कोणाकडे असते? उम्म झहरानकडे. तिच्या लेकीला, त्या नगातला, किती वर्षं मूल नव्हतं? आणि आता कसे दिवस गेले?"

त्याने फेरीबोटीवर माणूस पाठवला. पलीकडच्या काठावरून पोलीस अधिकारी आला, त्याने उम्म झहरानला पिशवी उपडी करायला सांगितली. उन्हात फुगवलेल्या शम्सी भाकरीचा अर्धा तुकडा पडला, रुमालात बांधलेला कांदा पडला, आणि मागून एक छोटीशी काचेची बाटली घरंगळत माझ्या पायाशी आली. आत काळे काहीतरी होते.

२

उम्म झहरान रडली नाही. ती आमच्याकडे झाडलोट करायची, दालने उघडायची, आणि संचालकांपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना दटावायची. तिने मी उचललेली बाटली माझ्या हातून घेतली आणि अधिकाऱ्यापुढे धरली.

"काजळ आहे, लेकरा. दिव्यावर बशी धरून पाडलेलं. तुझ्या आईनंही तुला घातलं असणार, नाहीतर एवढे डोळे कुठून आले?"

अधिकारी हसला नाही, पण त्याने नजर खाली केली. डॉक्टर शहीराने बाटलीतले चिमूटभर बोटांत चोळले. ते खरेच काजळ होते, मऊ, तेलकट. जुना सुरमा शिशाच्या खनिजाचा असतो. तो जड लागतो आणि चमकतो. तिने तसे सांगितले. रिफअत म्हणाला की ही बाटली तिची असेल, म्हणजे दुसरी नसेलच असे नाही. दुसरी लेकीकडे असेल.

"मेलेल्या बाईचा सुरमा मी माझ्या पोटुशी लेकीच्या डोळ्यांत घालीन?" उम्म झहरान म्हणाली. "तुम्ही लोक पुस्तकं वाचता की नुसती मोजता?"

यावर मला खाली बघावे लागले.

अधिकाऱ्याने असे ठरवले की डॉक्टर शहीरा गुरुवारच्या गाडीने परत जायची आहे, तोवर काही निष्पन्न झाले नाही तर उम्म झहरानला पलीकडे ठाण्यात न्यावे लागेल. तोपर्यंत तिने घराबाहेर पडू नये. ती गेली. पण गोष्ट तिच्या आधी गावात पोहोचली होती. नगातचे सासर टेकडीखाली होते आणि सासू जिभेची तिखट. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर पोरीला दिवस गेले होते, आणि आता विहिरीवर बायका म्हणू लागल्या की ते मूल चोरीचे, थडग्यातले. सासू म्हणाली, आईचे नाव स्वच्छ होईपर्यंत हिने माझ्या चुलीपाशी येऊ नये.

मला हे सगळे दुपारी कळले, आणि जेवण गेले नाही. मी अशा वेळी काही करणारा माणूस नाही. काही करावे असे वाटले की आधी मला त्याविरुद्धची दहा कारणे सुचतात. तरी मी उठून दालनात गेलो.

सुरमादाणी टेबलावर कापडावर ठेवली होती, झाकण शेजारी. मी ती उचलली आणि आत बोट फिरवले. आणि मला आईची सुरमादाणी आठवली.

आमचे घर नकादाला होते. आईच्या सुरमादाणीचा दगडही असाच दुधी होता. ती तिला तिच्या आजीकडून आली होती. एका सणाच्या आदल्या दिवशी मला वाटले, आईला ती पांढरी करून द्यावी. मी अंगणात बसून ती राखेने घासली, लिंबाने घासली, वाळूने घासली. हाताची साले गेली. बाहेरून ती उजळली, पण आतला काळेपणा तसूभर हलला नाही. आई उंबऱ्यात बसून मटार सोलत होती.

"घास, वदीअ, घास," ती म्हणाली. "मीही घासली होती. माझ्या आजीनंही."

तो दगड पितो. तेल, चरबी, काळे, जे आत ठेवाल ते पीत राहतो. एका आजीच्या आयुष्यात आईची सुरमादाणी तेवढी काळी झाली होती. मग हजारो वर्षे सुरमा घेऊन बसलेली ही एका रात्रीत एवढी पांढरी कशी?

मी स्वतःला समजावले की कैरोच्या विदुषीला न दिसलेले मला दिसणार नाही. नवी औषधे असतात, आम्ल असते. सुरमादाणी खाली ठेवून मी झाकण उचलले, आणि कधी नव्हे ते उलटे करून पाहिले.

३

झाकणाच्या आतल्या बाजूला एक काळे वर्तुळ होते. सुरमादाणीच्या तोंडाएवढे, दगडात खोल उतरलेले, तिन्ही तुकड्यांवरून सलग गेलेले. झाकण बसते तिथे सुरमादाणीचा ओठ मात्र कोऱ्या कागदासारखा होता.

ही दोघे एकत्र म्हातारी झालेली नव्हती.

कोणी सुरमा चोरलाच नव्हता. कोणीतरी सुरमादाणीच नेली होती आणि तिच्या जागी नवी घडवलेली ठेवून वर जुनेच झाकण बसवले होते. नव्या सुरमादाणीत खाच असलेला जुना सुरमा घालता येत नाही, म्हणून ती रिकामी ठेवली, म्हणजे सगळे रिकामेपणाकडे बघत बसतील. आम्ही तसेच बघत बसलो होतो.

हे मी त्याच वेळी ओरडून सांगायला हवे होते, असे कोणीही म्हणेल. पण आता जर सुरमादाणीच चोरीला गेली म्हटले, तर किल्ली अजून उम्म झहरानकडेच होती. आधी सुरम्याची चोर होती, आता सुरमादाणीची होईल. नुसते काय झाले ते कळून भागणार नव्हते. कोणी केले ते हवे होते.

असा नग घडवणारा हात आमच्या काठावर एकच होता, कारागीर उस्ता जाबरचा. आमच्याकडे पुष्कळ लोक दगडाच्या वस्तू करतात, पण जाबरने हातपात्याने कोरलेली वाटी उन्हात धरली तर पलीकडची बोटे दिसत. नशिबाने रिफअतनेच दुसऱ्या दिवशी त्याला बोलावणे धाडले. दगड कशाने धुतला ते त्याने सांगावे, लिंबाने की सोड्याने, म्हणजे उम्म झहरानच्या घराची झडती घेता येईल.

जाबर आला तो दारातच थांबला आणि चौकटीच्या दगडावर नखाने टिचकी मारून त्याने कान दिला. ही त्याची जुनी खोड. कुठेही जावो, दगड दिसला की तो वाजवून बघायचा; आतली चीर आवाजात कळते म्हणे. बसल्यावर त्याने हिल्मी बेंच्या टेबलावरचा दगडी पेपरवेट वाजवला. चहा आला तेव्हा पेलाही वाजवला.

"पेला काचेचा आहे, उस्ता," डॉक्टर शहीरा म्हणाली.

"असू दे, डॉक्टर. त्यालाही बरं वाटतं."

मग रिफअतने सुरमादाणी त्याच्या हातात दिली. जाबरने ती बघितल्यासारखे केले, फिरवली, आणि खाली ठेवली. म्हणाला, जुनी आहे, कशाने धुतली ते सांगता येत नाही, माझे डोळे गेले आता. दारापर्यंत जाईतो त्याने कोणाकडे पाहिले नाही. जाताना चौकटीलाही हात लावला नाही.

डॉक्टर शहीरा त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिली. मी मात्र चौकटीकडे बघत होतो. त्या खोलीतला सगळा दगड त्याने वाजवला होता. फक्त ती सुरमादाणी सोडून. तिचा आवाज त्याला आधीच माहीत होता.

आणि जाबर पैशाला हलणारा माणूस नव्हता. व्यापाऱ्यांना त्याने कितीदा पायरीवरून परत पाठवले होते. रिफअतने एकदा राखदाणी मागितली तर त्याने चारचौघांत सांगितले की माझा दगड थुंकायला नाही. तो असे काम करील तर ज्याला तो मानत असे अशा एकाच माणसासाठी करील.

त्या माणसाचे नाव मनात आले तेव्हा मी ग्रंथालयात जाऊन दार लावून घेतले.

४

हिल्मी बेंचे घर कालव्याच्या कडेला होते, अंगणात पेरूचे झाड. तीस वर्षे मी तिथे चहा प्यायला येत आलो होतो. दुरिय्या हानेम असताना आम्ही तिघे झाडाखाली बसायचो. त्या मोठ्याने वाचायच्या, बे दुरुस्त्या करायचे, आणि मी ऐकायचो. माझ्यासारख्याला आयुष्यात अशी एक जागा मिळाली तरी पुष्कळ. त्या दुपारी फाटकाची कडी उघडताना मला वाटले, परत जावे. उम्म झहरान उद्या पलीकडे जाईल, आणि मी गप्प राहिलो तर या झाडाखाली आणखी काही वर्षे बसता येईल.

बे स्वतः चहा घेऊन आले. काळा, भरपूर साखरेचा. मी आईच्या सुरमादाणीची गोष्ट सांगितली. राख, लिंबू, वाळू. मग झाकणाच्या आतल्या वर्तुळाबद्दल सांगितले. मग जाबरच्या टिचकीबद्दल.

त्यांनी पेला खाली ठेवला. "आमची आई डोळ्यांना पॅरिसहून आलेली पेन्सिल लावायची," ते म्हणाले. "मला वाटलं, धुतलं की जातं."

मी पुढे म्हणालो की जाबरला खरी सुरमादाणी बरेच दिवस शेजारी ठेवून काम करावे लागले असणार. ती काचेबाहेर होती ती फक्त हिवाळ्यात, लाकडी कपाटांना वाळवी लागली तेव्हा. आणि तेव्हा सगळे नग होते तुमच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. रिफअत त्या वेळी असवानला होता. उम्म झहरानला त्या कपाटाची किल्ली कधी मिळाली नाही.

"झाकणासाठी मी जाबरच्या किती विनवण्या केल्या," बे म्हणाले. "हुबेहूब करायचं तर घडवून, तीन तुकडे करून, जोडायला हवं होतं. म्हणाला, बे, मी घडवलेलं मी फोडत नाही. मग काय, जुनंच बसवलं."

ते आत गेले आणि तिथून त्यांनी हाक मारली. मी त्या खोलीत कधी गेलो नव्हतो. दुरिय्या हानेमचा वेणीफणीचा आरसा, त्यांची फणी, आणि दोहोंच्या मध्ये एका काचेच्या बशीने झाकलेली सुरमादाणी. बेंनी बशी काढली. खिडकीतून ऊन येतच होते. हानेम गेल्यानंतर, चार वर्षांनी, ती तिरकी खाच मी पुन्हा पाहिली.

"ती डॉक्टर खरवडणार होती, वदीअ. पहिलं काम म्हणाली. तू ऐकलंस ना? नेली असती तरी मी काही बोललो नसतो. पण ती खाच. दुरिय्या रोज बघायची."

"बे, आणि उम्म झहरान?"

"मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. म्हटलं, कोणी बिचारी म्हणतील आणि विसरतील. रिफअत पोलीस आणेल असं वाटलं नाही." ते पलंगाच्या कडेवर बसले. "मग दोन दिवस वाटत राहिलं, उद्या सांगू."

मी जन्मात कोणाला फारसे काही सुनावलेले नाही. तेव्हा निघालेला आवाज मला माझा वाटला नाही.

"नगातला आज सकाळी माहेरी पाठवून दिलं," मी म्हणालो. "टेकडी चढून चालत आली. सासूनं गाढवसुद्धा दिलं नाही. त्या अवस्थेत."

हिल्मी बेंनी माझ्याकडे पाहिले. मग ते उठले, कोट घातला, आणि दुरिय्या हानेमच्या एका रेशमी रुमालात सुरमादाणी गुंडाळली. फाटकापाशी त्यांनी मला विचारले, "तू येशील ना बरोबर?"

५

आधी ते संग्रहालयात गेले नाहीत. आधी उम्म झहरानच्या दारात गेले, आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की सुरमादाणी मी नेली होती, हिने काहीही नेलेले नाही. बायका दारांत आल्या. उम्म झहरान पीठ मळत होती. हात तसेच घेऊन ती उभी राहिली.

"वेडे आहात, बे," ती म्हणाली. "हानेम असत्या तर तुम्हाला उपाशी झोपवलं असतं." आणि वर, "मला सांगायचं होतं. मीच कपाटामागं लपवली असती, आणि रिफअत म्हातारा झाला असता तरी सापडली नसती."

मग ती हात न धुता तशीच नगातच्या सासरी निघाली, आणि गल्लीतल्या निम्म्या बायका तिच्या मागे.

संग्रहालयातला प्रसंग मी लांबवत नाही. बेंनी रुमाल सोडला, झाले ते सांगितले, आणि जाबरचे नाव आपणहून घेतले नाही. अधिकारी कागद काढून बसला. डॉक्टर शहीरा मात्र खिडकीपाशी सुरमादाणी घेऊन उभी होती, आणि मी, कोणी विचारलेले नसताना, कोपऱ्यातला आरसा उचलून कवडसा आत सोडला.

तिने पाहिले. खूप वेळ पाहिले. तरुण होती ती. तिचे स्वतःचे डोळेही काजळाने आखलेले होते.

"पण मला नमुना लागणारच, उस्ताद वदीअ," ती म्हणाली, जरा अपराध्यासारखी.

झाकण टेबलावर होते. मी ते उलटे करून तिच्यापुढे सरकवले. काळे वर्तुळ दगडात उतरलेले होते. तोच सुरमा, त्याच बाईचा. तिथून खरवडला तर आतली खाच तशीच राहणार होती. मला वाटले, मी काहीतरी अडाणीपणाचे बोललो असणार. पण तिने लहान पाते काढले, त्या वर्तुळाच्या कडेवरून नखभर काळी भुकटी कागदात घेतली, आणि कागदाची पुडी केली.

सुरमादाणी गुरुवारच्या गाडीने गेली. तिला निरोप द्यायला हिल्मी बे फेरीबोटीपर्यंत आले आणि बोट पलीकडे लागेपर्यंत उभे राहिले. वस्तू हरवली नाही, कोणी विकली नाही, म्हणून प्रकरण त्यांच्या राजीनाम्यावर मिटले. नंतरची वर्षे आम्ही दोघेच पेरूखाली बसलो. वाचायचे काम माझ्याकडे आले. मी हळू वाचतो. ते दुरुस्त्या करायचे. गेल्या रमजानच्या आधी तेही गेले.

जाबरची सुरमादाणी आमच्या कपाटात आहे. त्याने तिला नवे, अखंड झाकण करून दिले, आणि खाली त्याच्या नावाची चिठ्ठी लावली आहे. नगातला मुलगी झाली. तिच्या सातव्या दिवशी उम्म झहरान काजळाची बाटली घेऊन संग्रहालयात आली आणि कपाट उघडून तिने चिमूटभर त्या सुरमादाणीत घातले. मी म्हणालो की नियमात बसत नाही. ती म्हणाली, रिकामी सुरमादाणी घरात ठेवतात का, आणि मला बाजूला व्हायला सांगितले. पुढे ती दर सणाला घालत राहिली. ती थकल्यावर तिची लेक, नगात, घालते.

काल दालनात कोणी नव्हते. मी कपाट उघडून जाबरचे झाकण उलटे करून पाहिले. नजर आता नीट चालत नाही, म्हणून खिडकीपाशी नेले. आतल्या बाजूला एक फिकट, करडे वर्तुळ उमटू लागले आहे.